झाकणाला अर्धं पत्र

प्रश्न :

नमस्कार ताई,

मी डिझाइनच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मला फिल्म आवडते, पॅकेजिंग आवडतं आणि नवीन डिजिटल तंत्रज्ञान, म्हणजे एआर (फोनमधून बघितलं की खऱ्या जागेवर काल्पनिक वस्तू दिसतात ते), थ्रीडी, एआय, हेही आवडतं. मागच्या वर्षी मी एक छोटी फिल्म केली. त्यातल्या काल्पनिक औषध कंपनीची सगळी खोकी, लेबलं, पावत्या मीच बनवल्या होत्या. मग मनगटी घड्याळासाठी कडक पुठ्ठ्याचा खोका केला. त्याचं झाकण वर धरून सोडलं की धपकन पडत नाही. आतली हवा कडेच्या फटीतून जसजशी निघते तसतसं ते सावकाश खाली बसतं. ती फट नेमकी किती ठेवायची यासाठी मी खोका पुन्हा पुन्हा कापला. पुठ्ठ्यावर कागद चढवला की जाडी वाढते, मग झाकण अडकतं. कागद बदलला की सगळी मापं परत घ्यायची. एक एआर ॲपचा प्रोजेक्टही केला.

ज्यूरीत, म्हणजे शिक्षकांसमोर काम मांडायच्या परीक्षेत, सरांनी विचारलं, ‘यातलं तुझं नक्की काय?’ मला काही बोलता आलं नाही. वर्गातली बाकीची मुलं एकेक वाट धरून पुढे गेली आहेत. माझे पाय दोन नाही, तीन डगरींवर आहेत. मी एकच काहीतरी निवडू का? निवडायचं तर तंत्रज्ञान निवडणं शहाणपणाचं नाही का, पुढे सगळं तिकडेच जाणार आहे ना? शेवटचा प्रोजेक्ट कशावर करू? आणि पोर्टफोलिओतून फिल्म काढून टाकू का?

– एक विद्यार्थिनी

उत्तर :

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रात एआर ॲपला एक वाक्य मिळालंय, फिल्मला दोन, आणि त्या झाकणाला जवळजवळ अर्धं पत्र. तू हे ठरवून केलेलं नाहीस, म्हणून तर मला ते महत्त्वाचं वाटतं. ‘मला काय आवडतं’ याची यादी करायला बसलं की माणूस शहाण्यासारखी यादी करतो. नकळत जे लांबत जातं, ते जास्त खरं असतं.

सरांचा प्रश्न तुला लागलाय, हे दिसतंय. प्रश्न वाईट नव्हता, पण त्याचं उत्तर ज्यूरीत उभं राहून सुचण्यासारखं नव्हतं. म्हणून त्याच प्रश्नाला दुसऱ्या बाजूने हात घालू. कुठल्याही क्षेत्राचं दर्शनी काम सगळ्यांनाच आवडतं. फिल्म पडद्यावर दिसते तेव्हा, खोका हातात येतो तेव्हा, फोनच्या पडद्यावर टेबलावर काहीतरी तरंगायला लागतं तेव्हा. त्यामागचं रटाळ काम कुठलं सोसवतं, ते बघ. फिल्ममधलं रटाळ काम म्हणजे शेकडो क्लिपांना नावं देणं, आवाज जुळवणं, तोच कट पुन्हा चार फ्रेम मागेपुढे करून बघणं. पॅकेजिंगमधलं म्हणजे मापं, पुठ्ठ्याची जाडी, नियमाने छापावाच लागणारा बारीक मजकूर, प्रूफवर, म्हणजे छपाईच्या नमुन्यावर, उतरलेला रंग पडद्यावरच्या रंगाशी ताडून बघणं. डिजिटलमधलं म्हणजे कालपर्यंत चालणारं आज नव्या आवृत्तीत का मोडलं ते शोधत बसणं, आणि तेच वेगवेगळ्या फोनवर तपासणं.

यातलं एक काम तू करून बसली आहेस, आणि त्याबद्दल तक्रार न करता लिहिलंयस. कागद चढला, जाडी वाढली, फट कमी झाली, पुन्हा मापं. हे वाचताना मला त्रास झाल्याचा सूर कुठे ऐकू आला नाही. म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगून टाकते: पॅकेजिंग हा तुझा कणा ठेव. फिल्म सोडू नकोस, पण ती वेगळी वाट म्हणून नको, तिच्याकडून बघायला शीक. आणि तंत्रज्ञान या दोघांच्या रांगेत उभं करूच नकोस.

शेवटच्या वाक्यावर तू अडशील, म्हणून आधी तिथे येते. ‘पुढे सगळं तिकडेच जाणार’ ही भीती तुझ्या पत्रात खाली दडलेली आहे आणि ती मी समजू शकते. पण फिल्म आणि पॅकेजिंग ही कामं आहेत, तर एआर किंवा एआय ही साधनं आहेत, आणि साधनांना आयुष्य कमी असतं. फ्लॅश या ॲडोबी कंपनीच्या सॉफ्टवेअरचं काय झालं बघ. एका पिढीने वेबसाइटी, खेळ, ॲनिमेशन सगळं फ्लॅशमध्ये केलं. 31 डिसेंबर 2020 ला ॲडोबीने त्याला द्यायचा आधार थांबवला. ज्यांना फक्त फ्लॅशची बटणं येत होती त्यांना सगळं पहिल्यापासून शिकावं लागलं. ज्यांना हालचाल कळत होती, एखादी गोष्ट किती वेळात आली म्हणजे हलकी वाटते आणि किती वेळात आली म्हणजे जड, ते दुसऱ्या साधनाकडे गेले आणि कामाला लागले.

याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. साधनं आता सहज हाताशी येतात. 2025 मध्ये सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालेला ‘फ्लो’ हा लॅटव्हियाचा चित्रपट ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बनला आहे. तेच ब्लेंडर कुणीही फुकट उतरवून घेऊ शकतं. म्हणजे ‘मला हे सॉफ्टवेअर येतं’ या वाक्यावर पुढची वीस वर्षं काढता येणार नाहीत. ते सॉफ्टवेअर कशासाठी उघडायचं, हे ज्याला कळतं त्याचं काम टिकतं.

तुला एक जुनी जोडी सांगते, कारण तुझ्या तिन्ही आवडी तिच्यात एकत्र दिसतात. सॉल बास हा मुळात छापील कामाचा माणूस. जाहिराती, पोस्टरं करणारा. 1954 च्या सुमारास त्याने एका चित्रपटाचं पोस्टर केलं, ते दिग्दर्शकाला इतकं आवडलं की त्याने चित्रपटाची शीर्षकंही त्यालाच करायला सांगितली. तिथून तो फिल्ममध्ये शिरला. पुढे त्याने बोधचिन्हं केली, आणि एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीचा 1983 चा पट्ट्यापट्ट्यांचा गोलही त्याचाच. आता 1958 च्या ‘व्हर्टिगो’ या चित्रपटाची शीर्षकं बघ. डोळ्याच्या बाहुलीतून वर येणारी ती गरगरती वलयं हाताने काढणं जवळपास अशक्य होतं. ती जॉन व्हिटनीने काढून दिली, आणि त्यासाठी त्याने दुसऱ्या महायुद्धातलं विमानविरोधी तोफांचा नेम साधणारं यंत्र वापरलं. त्या काळचा तो एक यांत्रिक संगणकच होता. म्हणजे नवं तंत्रज्ञान त्या कामात होतंच, अगदी गाभ्यात होतं. पण बासने तोफेचं यंत्र शिकून घेतलं नाही. त्याला काय हवंय ते नेमकं माहीत होतं आणि ते देऊ शकणारा माणूस त्याने बरोबर घेतला. आधी एका कामात हात बसलेला, मग दुसऱ्या क्षेत्राचं बोलावणं, आणि यंत्र गरजेपुरतं. हा क्रम मला तुझ्यासाठी योग्य वाटतो.

आता फिल्म आणि पॅकेजिंग एकमेकांच्या इतक्या जवळ कशी, ते बोलू. तुझ्या झाकणाने ते आधीच सांगितलंय. झाकण पडायला लागणारा वेळ तू ठरवलास. एखादा शॉट किती वेळ धरायचा हे एडिटर ठरवतो, तसंच हे काम आहे. खोका म्हणजे चित्र छापलेला ठोकळा, असं बरेच विद्यार्थी धरून चालतात. त्यांच्या पोर्टफोलिओत खोका नेहमी बंद असतो, थोडा तिरका ठेवलेला, खाली मऊ सावली. प्रत्यक्षात खोका काळात घडतो. लांबून दिसतो, हातात येतो, फिरवला जातो, उघडतो, अडतो, रिकामा होतो, चपटा होऊन टाकला जातो. प्रत्येक पायरीवर माणसाला काहीतरी कळतं किंवा कळत नाही. पुढचा शॉट कधी दाखवायचा हा एडिटरचा प्रश्न आणि आतलं कागदी आवरण आधी दिसावं की वस्तू, हा तुझा प्रश्न, दोन्ही एकाच जातीचे आहेत.

आणि हा फक्त सौंदर्याचा मामला नाही. औषधांच्या ‘मुलांना उघडता येऊ नये’ अशा झाकणांची परीक्षा कशी घेतात माहीत आहे? अमेरिकेतल्या नियमानुसार 42 ते 51 महिने वयाच्या मुलांना जोडीजोडीने बसवून बाटली देतात आणि पाच मिनिटं देतात. नाही उघडली तर परीक्षक ती त्यांच्यासमोर उघडून दाखवतो, हवं तर दात वापरा असंही सांगतो, आणि आणखी पाच मिनिटं देतो. पहिल्या पाच मिनिटांत निदान 85 टक्के मुलांना ती उघडता येता कामा नये आणि दहा मिनिटांअखेर निदान 80 टक्के मुलांना. त्याच वेळी 50 ते 70 वर्षांच्या माणसांपैकी 90 टक्क्यांना ती उघडता यायला हवी आणि नीट बंदही करता यायला हवी. किती अवघड आहे हे, बघ. तीन-चार वर्षांच्या मुलापासून लपवायचं आणि सांधे दुखणाऱ्या हाताला द्यायचं, तेही एकाच झाकणाने. नुसत्या ताकदीवर सोडलं तर म्हातारी माणसं अडतात, म्हणून दाबून फिरवायची, दोन गोष्टी एकदम करायची झाकणं आली. हे सगळं डिझाइन मिनिटांत मोजलं जातं.

तर शेवटचा प्रोजेक्ट. तू विषय विचारलास, मी विषय सांगणार नाही, पण कामाची पद्धत सांगते. एक असं पॅकेज निवड जे माणसांना उघडताना किंवा वापरताना नडतं. सुगंधी साबणाची वडी किंवा आलिशान मेणबत्ती नको, त्यात नडत काहीच नाही आणि म्हणून शिकायलाही काही मिळत नाही. औषधाची पट्टी, डोळ्यांच्या थेंबांची बाटली, सीलबंद पिशवी, जखमेच्या पट्ट्यांचं पाकीट, असं काहीतरी. वेगवेगळ्या वयाच्या माणसांना ते उघडायला दे आणि त्यांच्या परवानगीने फक्त हात चित्रित कर. चेहरा नको, एक तर त्यांचा संकोच जातो आणि दुसरं म्हणजे चेहरा आला की तू हात बघणं सोडून चेहराच बघत बसशील. कॅमेरा वरून, स्थिर. उजेड भरपूर. सेकंदाला 60 फ्रेम ठेव.

मग एडिटिंगला बसल्यासारखी बस आणि ते फ्रेम फ्रेम करून बघ. हात कुठे थांबतो ते शोध. माणूस ‘सोपं होतं’ असं सांगेल, पण फिल्ममध्ये अंगठा कडेवर वीस फ्रेम थबकलेला दिसेल. वीस फ्रेम म्हणजे सेकंदाचा तिसरा हिस्सा. त्या तिसऱ्या हिश्श्यात तो माणूस ‘इथून फाडायचं की तिथून’ हे ठरवत असतो. कुणी पाकीट उलटं करेल, कुणी नखाने कोपरा उकरेल, कुणी न बोलता दाताशी नेईल. या सगळ्या जागा कागदावर उतरव, स्टोरीबोर्डसारख्या. तुझं डिझाइन त्या थबकण्यांतून निघू दे. नमुना बनव, त्याच माणसांना दे, पुन्हा चित्रित कर, आणि दोन्ही फिल्म शेजारी शेजारी लाव. ज्यूरीसमोर ते चालव आणि गप्प राहा. हात सुरळीत चालताना दिसला की समजावून सांगायला फार उरत नाही.

ही कल्पना नवी नाही. फ्रँक आणि लिलियन गिल्ब्रेथ या जोडप्याने 1910 च्या दशकातच कामगारांच्या हातांच्या हालचाली फिल्मवर घेतल्या होत्या, चौकटीत वेळ मोजणारं घड्याळ ठेवून. त्यांचा भर काम वेगाने व्हावं यावर होता. तुझा भर माणूस अडू नये यावर राहील. पण कॅमेऱ्याचा हा उपयोग, दाखवण्यासाठी नाही तर बघण्यासाठी, शिकणाऱ्या मुलांमध्ये मला फार कमी दिसतो आणि त्याची मला खंत वाटते. फिल्मची आवड असलेली मुलगी पॅकेजिंगमध्ये आली तर ती हे घेऊन येऊ शकते. तुझी फिल्मची आवड इथे खर्ची पडेल, वाया जाणार नाही.

आता पुठ्ठा. कणा म्हणायचं तर तो पक्का हवा, आणि इथे तुझा हात अजून अर्धाच तयार आहे असं मी धरून चालते. कडक पुठ्ठ्याचा खोका तुला जमलाय. घडीच्या कार्डबोर्डचा खोका वेगळा आहे, आणि दुकानात दिसणारी बरीचशी खोकी तशीच असतात. कागदाच्या कारखान्यात लगदा जाळीवरून एका दिशेने धावतो, त्यामुळे तंतू बहुतांशी त्या दिशेने लागतात. तीच ग्रेन. कागदाच्या एकाच तावातून सारख्या मापाच्या दोन पट्ट्या काप, एक उभी, एक आडवी. दोन्ही टेबलाच्या कडेबाहेर सारख्या काढून धर. एक ताठ राहील, दुसरी खाली वाकेल. ताठ राहिली तिच्या लांबीतून ग्रेन जाते. ग्रेनच्या दिशेने घडी सहज पडते. ग्रेनला आडवी घडी घातली आणि आधी नीट क्रीझ, म्हणजे घडीसाठी दाबून केलेली खाच, पाडली नसेल तर बाहेरचा थर तडकतो आणि छपाईच्या रंगात पांढरी भेग दिसते. मग कुणी म्हणेल की सगळं ग्रेनच्या दिशेनेच घडवू. पण घडीच्या खोक्यात सहसा ग्रेन उभ्या घड्यांना आडवी, म्हणजे खोक्याभोवती फिरणारी ठेवतात, नाहीतर भरल्यावर त्याच्या बाजू पोट सुटल्यासारख्या फुगतात. म्हणजे घडी सोपी की बाजू ताठ, यात देवाणघेवाण आहे, आणि ती क्रीझने सांभाळायची असते.

हे इतकं सविस्तर का सांगते, तर एआयमुळे. तुझ्या मनात तो प्रश्न आहेच. एआयला ‘सुंदर खोका दाखव’ म्हटलं तर ते काही सेकंदांत सुंदर खोक्याचं चित्र देईल, आणि ते चित्र तुझ्या पहिल्या प्रयत्नापेक्षा देखणं असेल. पण त्या चित्रातल्या खोक्याला गोंद लावायची पट्टी नसते, ग्रेन नसते, आतली वस्तू पडली तर काय होईल याचा विचार नसतो. चित्रासाठी एआय जरूर वापर, सुरुवातीच्या वीस दिशा झटपट बघायला ते चांगलं आहे. मात्र ज्यांचं पॅकेजिंग म्हणजे बंद खोक्यावरचं चित्र एवढंच होतं, त्यांचं काम एआयने खरोखर अवघड केलंय. तुझं त्याहून जास्त असावं, असं मला मनापासून वाटतं. जमेल तेव्हा एखाद्या छापखान्यात, पुठ्ठा कापून घड्या पाडणाऱ्या पंचिंगच्या यंत्राजवळ उभी राहा. आज आपण जो घडीचा खोका वापरतो तो अशाच यंत्राजवळ सुचला. ब्रुकलिनमधल्या रॉबर्ट गेअर या छपाईवाल्याच्या कारखान्यात 1879 मध्ये पिशव्यांवर घडी पाडणारी धातूची पट्टी सरकली आणि घडी पाडण्याऐवजी तिने कागद कापला. बाकीचे मालाची नासाडी बघत असताना गेअरच्या लक्षात आलं की कापणं आणि घडी पाडणं एकाच दाबात होऊ शकतं. हे सुचायला यंत्राशेजारी उभं असावं लागतं.

डिजिटल तंत्रज्ञान तू अगदीच दूर ठेवावंस, असं मात्र मी म्हणत नाही. पॅकेजिंगमध्ये त्याचं खरं काम सुरू झालंय आणि ते दिखाऊ नाही. 26 जून 1974 ला ओहायोतल्या ट्रॉय गावात च्युइंगमच्या पाकिटावरचा बारकोड पहिल्यांदा दुकानात वाचला गेला, तेव्हापासून त्या उभ्या रेघा आकडा सांगण्याचं काम करत आल्या. आता त्यांच्या जागी किंवा त्यांच्या जोडीला क्यूआरसारखे चौकोनी कोड येताहेत, आणि 2027 अखेरपर्यंत दुकानांतले स्कॅनर ते वाचू लागावेत असं बारकोडचे नियम ठरवणाऱ्या जीएस1 या संस्थेचं उद्दिष्ट आहे. युरोपीय संघाच्या नियमानुसार 18 फेब्रुवारी 2027 पासून विजेवरच्या वाहनांच्या आणि मोठ्या औद्योगिक बॅटऱ्यांना डिजिटल पासपोर्ट, म्हणजे बॅटरीच्या माहितीची डिजिटल नोंद, लागणार आहे, आणि तोही कोडमधूनच उघडेल. म्हणजे कोड आता खोक्यावरची सक्तीची जागा होतोय, आणि ती जागा कुणीतरी नीट डिझाइन करायला हवी.

क्यूआर कोड 1994 मध्ये जपानच्या डेन्सो वेव्हने वाहनांच्या सुट्या भागांसाठी काढला. सर्वांत मजबूत पातळीवर त्याचा सुमारे 30 टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो. पण त्याच्याभोवती कोडमधल्या चार बारक्या ठिपक्यांइतकी मोकळी जागा लागते, आणि तीच विद्यार्थी सगळ्यात आधी खाऊन टाकतात. चकचकीत फॉइलवर, बाटलीच्या गोलाईवर, घडीच्या ओळीवर तो छापला की वाचताना अडतो. हे सगळं तुला पॅकेजिंगमुळे कळेल, तंत्रज्ञानाच्या वर्गात कुणी सांगणार नाही. तू तुझ्या प्रोजेक्टमध्ये डिजिटल भाग घेशीलच, तर स्वतःला इतकंच विचार: ही माहिती कागदावर का मावत नाही? औषधाची माहिती मोठ्या अक्षरांत किंवा आवाजात हवी असेल, वेगवेगळ्या भाषांत हवी असेल, मागे घेतलेल्या मालाची सूचना द्यायची असेल, तर उत्तर पटण्यासारखं आहे. खोक्यावर फोन धरला की फुलपाखरू उडतं, हे पटण्यासारखं नाही. आणि एक: तो दुवा पाच वर्षांनी बंद पडला तरी ते पॅकेज सुरक्षितपणे वापरता आलं पाहिजे. जीव वाचवणारा मजकूर कधीही फक्त कोडमागे ठेवू नकोस.

एका गोष्टीबद्दल माझा अंदाज चुकू शकतो, म्हणून तीही सांगते. तुझ्या फिल्मबद्दल तू जी दोन वाक्यं लिहिलीस, त्यातलं एक फिल्ममधल्या खोक्यांबद्दल आणि पावत्यांबद्दल आहे. कथेबद्दल, कॅमेऱ्याबद्दल काही नाही. हे काम हाही एक पूर्ण व्यवसाय आहे. चित्रपटात दिसणारी पत्रं, तिकिटं, लेबलं, खोकी कुणीतरी डिझाइन करून बनवत असतं. 2014 च्या ‘द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल’मधला तो गुलाबी खोका तू पाहिला असशील. त्यातली ग्राफिक कामं ॲनी ॲटकिन्सने केली. त्या खोक्यावरच्या हाताने काढलेल्या अक्षरांत एक ‘टी’ जास्त पडला. लक्षात येईपर्यंत खोके कॅमेऱ्यासमोर येऊन गेले होते आणि ती चूक नंतर संगणकावर दुरुस्त करावी लागली. तुझ्या तिन्ही आवडी एकाच अक्षरापाशी येऊन थांबल्या बघ.

पण हे काम निवडण्याआधी फरक समजून घे. चित्रपटातला खोका कॅमेऱ्यासमोर काही सेकंद खरा वाटला की त्याचं काम संपलं. त्याला ट्रकमधून प्रवास करायचा नाही, ओल सोसायची नाही, कुणाच्या थरथरत्या हातात उघडायचं नाही. त्याऐवजी त्याला काळ सांभाळावा लागतो, ती कथा ज्या दशकात घडते त्या दशकातली अक्षरं, शाई, कागदाचा पिवळेपणा, आणि एकच वस्तू एकसारखी बऱ्याच प्रतींत, कारण टेक पुन्हा पुन्हा होतात. तुला झाकणाच्या मापांत जास्त जीव लागतो की पावतीवरचा शिक्का बरोबर त्या काळातला वाटण्यात? हे मला पत्रावरून ठरवता येणार नाही. दोन्हीकडे एकेक छोटी इंटर्नशिप मिळाली तर तुला लगेच कळेल. नाही मिळाली तर एखाद्या विद्यार्थी-फिल्मचे प्रॉप फुकटात करून दे आणि मधल्या दिवसांत तुझं लक्ष कुठे जातं ते बघ.

वर्गातली मुलं पुढे गेलीत, असं तू म्हणतेस. ती पुढे गेली नाहीत, त्यांनी आपल्या वाटेचं नाव लवकर घेतलं आहे. काहींचं बरोबर ठरेल, काही जण दोन वर्षांनी बदलतील. त्यांच्याकडे बघून घाई करू नकोस, पण त्यांच्याकडे बघून मोकळं सोडूही नकोस. तीन गोष्टी सारख्याच पातळीवर अर्धवट येणं हा खरा धोका आहे, आणि सरांना बहुधा तोच दिसला असावा. सर पुन्हा भेटतील तेव्हा त्यांना जाऊन सांग: ‘मी पॅकेजिंग करते. ते उघडताना माणसाचं काय होतं ते मी फिल्म करून बघते.’ एवढं पुरेल. पटलं नाही तर ते पुढचा प्रश्न विचारतील आणि त्याचं उत्तर तुझ्याकडे असेल.

आता पोर्टफोलिओ. फिल्म काढू नकोस, लहान कर. ती पूर्ण फिल्म कुणी बघत बसणार नाही. त्यातली खोकी आणि पावत्या जिथे दिसतात तेवढे शॉट ठेव आणि शेजारी त्या वस्तूंचे सपाट फोटो, जवळून, अक्षरं वाचता येतील असे. एआर ॲपचं पान बहुतेक काढावं लागेल. त्यात तू नेमकं काय ठरवलंस हे तुला चार ओळींत सांगता आलं तर ठेव, नाहीतर जाऊ दे. घड्याळाच्या खोक्याला मात्र सगळ्यात जास्त जागा दे. फसलेले नमुने फेकले नसशील तर ते सगळे एका रांगेत मांडून वरून एक फोटो घे आणि प्रत्येकाखाली फटीचं माप लिही, कुठलं अडकलं आणि कुठलं धपकन पडलं तेही. फेकले असतील तर पुन्हा काप, तुला आता मापं माहीत आहेत. आणि झाकण खाली बसताना एकच शॉट लाव, न कापता, संगीत न घालता. अर्ज पाठवताना तो दुवा पहिल्या पानावर दे, आणि एखाद्या जुन्या, कमी ताकदीच्या फोनवर उघडतो की नाही ते पाठवण्याआधी बघून घे.

– तुझी ताई